एफ८० विकू नका: जुन्या ऑटोफोकस फिल्म कॅमेऱ्यांबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांच्या कपाटात निकॉनचा एफ८० सापडला. सोबत २८-८० झूम आणि ५० मिमी १.८ अशा दोन लेन्स. मागच्या झाकणावरच्या छोट्या खिडकीतून आत पिवळा रोल दिसतोय. तुम्हाला फिल्मवर फोटो काढायला शिकायचंय. मित्रांचं म्हणणं, हा प्लॅस्टिकचा ऑटोफोकस विकून टाक, वर थोडे पैसे घाल आणि निकॉनचाच हाताने फोकस करायचा एफएम२ घे, कारण खरा फिल्म कॅमेरा तोच.

विकू नका. वडिलांची वस्तू म्हणून जपा, हा मुद्दा वेगळा आणि तो तुमचा तुम्ही ठरवाल. मी निव्वळ फोटोग्राफीच्या हिशेबाने सांगतोय. साताऱ्यात मी बरीच वर्षं लग्नाच्या ऑर्डरी केल्या, पेपरांना फोटो दिले, आता पुण्यात जुने कॅमेरे दुरुस्त करतो. आज जो माणूस स्वतःच्या खिशातून फिल्मवर पैसे घालतो, त्याच्या पैशाचं सगळ्यात जास्त चीज १९९० ते २००४ या काळातल्या ऑटोफोकस एसएलआरमध्ये (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायचे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) होतं, हे माझं ठाम मत आहे. फिल्म कॅमेरा बनवण्याची विद्या पूर्णत्वाला पोचली ती याच पिढीत. त्यानंतर लगेच डिजिटल आलं आणि बाजाराने या कॅमेऱ्यांकडे पाठ फिरवली, म्हणून ते आज स्वस्त मिळतात. त्यांच्यात काही उणं होतं म्हणून ते स्वस्त झालेले नाहीत.

एफएम२बद्दल मला आदर आहे. माझं घर काही वर्षं त्याच्यावर चाललं. १९८२ सालची ती बॉडी, पूर्ण यांत्रिक शटर, सेकंदाचा चार हजारावा भाग इतका वेग, आणि सेल संपले तरी फक्त प्रकाश मोजणारा मीटर बंद पडतो, कॅमेरा चालूच राहतो. हिमालयात थंडीत जाणाऱ्याने, रात्रभर शटर उघडं ठेवून ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्याने तो जरूर घ्यावा. पण तुमची ५० मिमी १.८ एफएम२वर लावली काय आणि एफ८०वर लावली काय, त्याच रोलवर त्याच प्रकाशात चित्र एकच येणार. निगेटिव्हला काय कळणार, रोल अंगठ्याने सरकवला की मोटरने? फिल्मचा जो गुण तुम्हाला ओढतोय, उजेडाच्या बाजूला हळुवार विरत जाणारे रंग, तो दाणा, तो रोलमध्ये आहे. लेन्सचा त्यात वाटा आहे. लिव्हरचा नाही.

लोक ऑटोफोकसला नंतर आलेली फॅशन समजतात, म्हणून थोडा इतिहास सांगतो. सर्वसामान्यांच्या हाती आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ सालचा कोनिका सी३५ एएफ. त्यातली फोकसची यंत्रणा हनीवेल या अमेरिकी कंपनीची होती. १९८१ मध्ये पेन्टॅक्सने एमई एफ काढला आणि १९८३ मध्ये निकॉनने एफ३एएफ. दोन्हींत मोटर लेन्समध्ये होती, लेन्सचा आकार बेढब होता आणि वेग बेताचा. खरा घाव घातला तो मिनोल्टाने, १९८५ मध्ये. ७००० या बॉडीत त्यांनी फोकसची मोटर आणि रोल ओढायची मोटर दोन्ही आत बसवल्या, आणि सोबत लेन्सची सगळी मालिकाच बाजारात आणली. बाकीच्या कंपन्यांची झोप उडाली. पुढे हनीवेलने पेटंटचा दावा लावला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

निकॉनने १९५९ सालचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायचा सांधा, तसाच ठेवून बॉडीत मोटर घातली आणि एका बारीक स्क्रूने ती लेन्सला जोडली. ऑटोफोकस चालू असताना येणारा घर्रर्र आवाज त्याच स्क्रूचा. कॅननने मात्र १९८७ मध्ये धाडस केलं. जुना एफडी माउंट सोडून दिला, जुन्या गिऱ्हाइकांचा राग पत्करला आणि ईओएस ६५०सोबत पूर्ण विजेवर चालणारा ईएफ माउंट आणला. त्याची गोड फळं आज फिल्मवाल्याला चाखायला मिळतात, ते पुढे सांगतो.

हे काम कसं करतं ते एकदा समजलं की तुमचे अर्धे आउट, म्हणजे फोकस चुकलेले, फोटो वाचतील. लेन्स काढा आणि आरशाकडे बघा, बोट मात्र लावू नका. या मोठ्या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक आहे. थोडा प्रकाश तिथून आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली, डब्याच्या तळाला. तिथे सेन्सर बसलाय. लेन्सच्या एका कडेने आलेला प्रकाश आणि दुसऱ्या कडेने आलेला प्रकाश तिथे वेगवेगळा घेतला जातो आणि एकाच वस्तूच्या दोन छोट्या प्रतिमा उमटतात. फोकस बरोबर असेल तर दोन प्रतिमांत ठरलेलं अंतर असतं. फोकस पुढे असेल तर अंतर कमी, मागे असेल तर जास्त. म्हणजे एका वाचनातच कॅमेऱ्याला कळतं की लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची. आपण हाताने करतो तसं पुढे जा, मागे ये, थांब, असं चाचपडावं लागत नाही.

पण या सेन्सरला जुळवायला एखादी रेघ लागते. कोऱ्या भिंतीवर, आभाळावर, एकरंगी साडीवर त्याला पकडायला काही सापडत नाही आणि लेन्स नुसती पुढेमागे फिरत राहते. एफ८०मध्ये पाच फोकस बिंदू आहेत. त्यातला मधला फुलीचा आहे, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेघा ओळखतो. बाकीचे चार एकाच दिशेच्या रेघा ओळखतात. बाजूचा बिंदू अडखळला तर कॅमेरा थोडा तिरका करून फोकस घ्या, शटर अर्धं दाबून धरा आणि पुन्हा सरळ करा. वारीत सगळीकडे पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. नवशिक्या छातीवर बिंदू ठेवतो आणि कॅमेऱ्याला शिव्या देतो. टोपीची कड आणि कपाळ जिथे मिळतात तिथे बिंदू ठेवा, किंवा टाळाच्या दोरीवर. लगेच लागतो.

वारीवरून आठवलं. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं. वारकरी दोन बाजूंना रांगा धरून उभे राहतात आणि मधल्या वाटेने अश्व धावतात. पहिल्या वर्षी मी १३५ मिमीची हाताने फोकस करायची लेन्स घेऊन गेलो होतो. अनुभवी लोक सांगायचे, रस्त्यावरचा एक दगड धरून फोकस करून ठेव आणि घोडा तिथे आला की दाब. मी तेच केलं. पण गर्दी पुढे सरली, वाट अरुंद झाली, घोडा दगडाच्या डाव्या अंगाने गेला. सबंध रोलमध्ये दोन फोटो वापरण्याजोगे निघाले, आणि त्या दोनांतही घोड्याचा डोळा धारदार नव्हता, मागची आयाळ होती.

पुढे एफ९०एक्स घेतला आणि त्याला ८०-२०० मिमी २.८ लावली. त्या बॉडीत फोकसचा बिंदू एकच, मध्ये, पण घोडा अंगावर येत असताना तो किती पुढे आलेला असेल याचा अंदाज बांधून ती लेन्स फिरवत राहते. जुलैचं ढगाळ आभाळ, ४००चा रोल, पाचशेवा भाग. टापांचा आवाज ऐकू आला की कॅमेरा डोळ्याला, बिंदू घोड्याच्या कपाळावर, आणि बोट दाबलेलं. १४ फ्रेम गेल्या. त्यातल्या नऊ नीट आल्या, आणि एकीत घोड्याचे चारही पाय जमिनीवरून उचललेले आणि खाली एका म्हातारबाबांचा हात टापेखालची माती घ्यायला पुढे आलेला. तो हात माझ्या डोळ्यांना तेव्हा दिसला होता, कारण फोकसची काळजी माझ्या डोक्यात नव्हती. ऑटोफोकसची खरी कमाई ही आहे. नुसता वेग नव्हे, डोळा मोकळा होतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात काय चाललंय ते बघता येतं.

मित्र म्हणतील, पण मॅन्युअलमध्ये शिकायला मिळतं. एफ८०ची गोल चकती एमवर (मॅन्युअल) फिरवा, समोरचा फोकसचा लिव्हरही एमवर करा. दोन चाकं आहेत, अंगठ्याच्या चाकाने शटर, बोटाच्या चाकाने अ‍ॅपर्चर. शिकायला आणखी काय हवं? चुकलात तर मीटर खाली दाखवतो आहेच. व्ह्यूफाइंडरमध्ये आखीव रेषा चालू करता येतात, त्याने क्षितिज सरळ धरायची सवय लागते. एक गोष्ट मात्र मान्य करतो. या बॉडींचे फोकसिंग स्क्रीन उजेडासाठी बनवलेले आहेत, हाताने फोकस करण्यासाठी नाहीत. हाताने फोकस जुळवायला मदत करणारं मधलं दुभंगलेलं वर्तुळ त्यात नाही. १.८वर हाताने फोकस केलात तर डोळा फसतो, म्हणून खालच्या कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवा.

आता पैशाचं बोलू. चालू असलेला एफ८० जुन्या बाजारात एफएम२च्या निम्म्याहून कमी किमतीला जातो, बरेचदा त्याहूनही खाली. फरकाचे जे पैसे उरतात त्यात रोल येतात. रंगीत ३६चा रोल, धुणं आणि स्कॅन धरून माझ्या हिशेबात एक फ्रेम ४० रुपयांच्या आसपास पडते. आउट गेलेला, अंडर (काळपट) गेलेला प्रत्येक फोटो म्हणजे तेवढे पैसे पाण्यात. चौकटीचे दहा भाग करून प्रकाश मोजणारा एफ८०चा मॅट्रिक्स मीटर रंगीत निगेटिव्हवर क्वचितच चुकतो. त्यातून चुकला तरी निगेटिव्ह रोल थोडा जास्त प्रकाश पोटात घालतो. म्हणजे स्वस्त बॉडी रोल वाया घालवत नाही आणि महाग बॉडीवर नवशिक्या अर्धा रोल वाया घालवतो. पहिल्या वर्षात २०-२५ रोल काढून व्हायला हवेत. शिक्षण त्याने होतं.

२०१० साली काय घडलं तेही सांगतो, कारण त्याचा मुंबईशी संबंध आहे. कोडॅकने आपला प्रसिद्ध रंगीत स्लाइड रोल कोडाक्रोम २००९ मध्ये बंद केला आणि कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला. ३६ फ्रेम, पुन्हा मिळणार नाहीत. त्यातल्या काही त्यांनी मुंबईत सिनेमातल्या माणसांवर खर्च केल्या, काही राजस्थानात रबारी लोकांवर. जगातला कुठलाही कॅमेरा ते वापरू शकले असते. त्यांनी तो रोल भरला एफ६मध्ये, म्हणजे निकॉनच्या शेवटच्या ऑटोफोकस फिल्म बॉडीत. एकही फ्रेम दवडायची नसेल तर जाणकार माणूस काय हातात घेतो, ते यावरून समजतं.

तुमच्याकडे एफ८० आहेच, पण हे वाचून इतर कोणी घ्यायला निघालं तर त्यांच्यासाठी माझी पसंती सांगतो. निकॉनमध्ये एफ१०० ही माझ्या मते आजवरची सगळ्यात समतोल फिल्म बॉडी. आठ हजारावा भाग, पाच बिंदू, त्यातले तीन फुलीचे, आणि साधे एए सेल, जे कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. हाताने फोकस करायच्या जुन्या एआय लेन्सवरही तिचा मीटर चालतो. एफ८०चा चालत नाही, म्हणून मोहात पडून जुन्या मॅन्युअल लेन्स त्याच्यासाठी घेऊ नका. एफ५ म्हणजे १२०० ग्रॅमचा आणि आठ एए सेल खाणारा गडी. खेळांचे फोटो काढणाऱ्यांसाठी ठीक, गळ्यात अडकवून गावभर हिंडायला नाही. एफ९०एक्स सगळ्यात स्वस्त आणि दणकट.

लेन्सचं गणित मात्र निकॉनमध्ये नीट समजून घ्या. नावात जी असलेल्या, अ‍ॅपर्चरची रिंग नसलेल्या लेन्स एफ८०, एफ१००, एफ५वर पूर्ण चालतात. एफ९०एक्सवर फक्त पी आणि एसमध्ये, म्हणजे जिथे अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवतो. नावात ई असलेल्या अगदी नव्या लेन्सचं अ‍ॅपर्चर यांपैकी कशावरच चालत नाही, आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. छोट्या सेन्सरच्या डिजिटलसाठी बनवलेल्या डीएक्स लेन्स लावल्या तर कोपरे काळे येतील.

ही डोकेदुखी नको असेल त्याने डोळे मिटून कॅनन घ्यावा. १९८७नंतरची कुठलीही ईएफ लेन्स कुठल्याही ईओएस फिल्म बॉडीवर चालते. आज घरात कॅननचा डिजिटल एसएलआर आणि त्याची ५० मिमी एसटीएम असेल तर तीच काढून फिल्म बॉडीवर लावा. फक्त छोट्या सेन्सरच्या डिजिटलसाठीची ईएफ-एस नको, ती बसतच नाही. विद्यार्थ्यांना मी ईओएस ३०० सुचवतो. हलका आहे, दिसायला खेळणं वाटतो, किंमतही तशीच. त्याची एक सोय मला फार आवडते. रोल भरताच तो सगळा रोल आधी बाहेर ओढून घेतो आणि मग एकेक फोटो झाला की तो डबीत परत ढकलतो. चुकून झाकण उघडलं तरी काढून झालेले फोटो डबीच्या आत सुरक्षित. ईओएस ५मध्ये तर नजरेने फोकस बिंदू निवडता येतो, तुम्ही ज्या बिंदूकडे बघाल तो पेटतो. १९९२ सालची ही करामत. कॅमेरा आडवा धरलेला असेल तरच ती चालते, पण चालते तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो.

मिनोल्टा डायनॅक्स ७ बघायला मिळाला तर सोडू नका. हाताळायला याच्याइतका शहाणा कॅमेरा मी दुसरा पाहिला नाही. २००६ मध्ये मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा धंदा सोनीकडे गेला, आणि तिच्या ए माउंटच्या जुन्या लेन्स भरपूर आणि स्वस्त आहेत. पेन्टॅक्सच्या एमझेड मालिकेतल्या बॉडी देखण्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याच बॉडींत आरसा उचलणारं प्लॅस्टिकचं छोटं चाक तडकतं आणि कॅमेरा आरसा वर करून थिजतो. दुकानदाराने तो पाच-दहा वेळा चालवून दाखवला तरी मी घेणार नाही.

खिशात मावणाऱ्या कॉम्पॅक्टबद्दल फार लिहीत नाही. कॉन्टॅक्स टी२, ऑलिम्पस म्यू-२ यांच्या लेन्स खरंच उत्तम आहेत. पण आजचे त्यांचे भाव प्रसिद्धीचे आहेत, कामाचे नाहीत. आत सगळी इलेक्ट्रॉनिक्स, सुटे भाग नाहीत, बिघडला की संपला. म्यू-२ तर दर वेळी उघडला की फ्लॅश स्वतःहून ऑटोवर नेऊन ठेवतो. टी२च्या पैशात एक एफ१००, एक लेन्स आणि बरेच रोल येतील.

आता दोष, कारण ते न सांगता घ्या म्हणणं बरोबर नाही. या कॅमेऱ्यांची जात विजेवर चालणारी आहे. यांत्रिक बॉडीत स्प्रिंग सैल झाली तर ती बदलता येते, दात घासलेलं चाक दुसऱ्या बॉडीतून काढून बसवता येतं. यांच्यात मुख्य सर्किट गेलं तर उपाय एकच, तशीच दुसरी मेलेली बॉडी मिळवून तिचं सर्किट काढायचं. मी तसं केलंय, पण दर वेळी जमत नाही. म्हणून माझं सांगणं असतं की बॉडीला चालता काळ आहे तोवर वापरा आणि लेन्सवर पैसे घाला. बॉडी गेली तर पुन्हा तितक्याच स्वस्तात दुसरी मिळते.

ईओएस ६०० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत शटरला धक्का बसू नये म्हणून फोमचा तुकडा लावलेला आहे. वर्षांनंतर तो वितळून डांबरासारखा होतो आणि शटरच्या पात्यांवर काळे डाग पडतात. झाकण उघडून पात्यांवर तिरका उजेड टाका, चिकट काळा डाग दिसला तर पुढे जा. निकॉन एफ४ आणि मिनोल्टा ७०००च्या आकडे दाखवणाऱ्या काचेच्या पडद्यांत काळी शाई पसरल्यासारखी दिसते. आकडे वाचता येत असतील तर चालेल.

एफ९०एक्स आणि एफ१००च्या मागच्या झाकणावरचा रबरी मुलामा चिकट होतो. हाताला गूळ लागल्यासारखं वाटतं आणि गिऱ्हाईक घाबरून कॅमेरा खाली ठेवतं. घाबरू नका, भाव पाडून घ्या. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कॅमेऱ्यावर ओतायचं नाही, जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर घ्यायचं आणि एका बाजूने गोल गोल घासत जायचं. पहिली दहा मिनिटं नुसता काळा चिखल होतो, वाटतं आपण बिघडवलं. कापड बदलत राहा. तासाभरात खालचं काळं, कडक, कोरडं प्लॅस्टिक वर येतं आणि ते पुन्हा कधी चिकट होत नाही. बटणांवरची अक्षरं आणि पडद्याची काच तेवढी चुकवा.

आपल्याकडे यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या लेन्समध्ये तर नेहमीचीच. लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नको म्हणा, बाहेरची काच कितीही चकचकीत असो. घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या पाकिटात कधीच ठेवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि वरचेवर वापर. पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सपेक्षा रोज गळ्यात लटकलेली लेन्स जास्त टिकते. मुंबईच्या बोरा बाजारात घ्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, जाताना एक खराब झालेला रोल आणि सेल सोबत न्या. रोल भरून पूर्ण सरकतो का, परत गुंडाळला जातो का, ते तिथेच बघा. दुकानदार हो म्हणाला म्हणजे कॅमेरा चालला असं नसतं.

तुमच्या दोन लेन्सही टॉर्चखाली धरून बघा. ५० मिमीचं अ‍ॅपर्चर २२वर ठेवून मागचा छोटा लिव्हर बोटाने हलवा. पाती टकटक उघडमीट व्हायला हवीत. पात्यांवर तेल आलं असेल तर ती आळसावतात आणि फोटो ओव्हर (जास्त उजळ) येतात, ते साफ करून मिळतं. एफ८०वर ही लेन्स वापरताना रिंग २२वर लॉक करायची असते, नाहीतर कॅमेरा चूक दाखवतो आणि शटर दाबलं जात नाही. बरेच लोक यालाच बिघाड समजून कॅमेरा दुरुस्तीला आणतात.

राहिला तो पिवळा रोल. झाकण अजिबात उघडू नका. आधी सेलचा कप्पा उघडा. जुने सेल आत असतील तर काढा आणि पत्र्याला हिरवट-पांढरी भुकटी लागली आहे का बघा. असेल तर कापसाच्या काडीवर थोडा व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग सीआर१२३ए प्रकारचे दोन नवे सेल घाला. कॅमेरा चालू केला की वरच्या पडद्यावर किती फोटो झाले तो आकडा दिसेल. उरलेल्या फ्रेमवर नवे फोटो काढायचा मोह होईल, काढू नका. इतक्या जुन्या रोलवर त्यांचे धड काही येणार नाही आणि मोटर मध्येच अडकली तर जुनेही जातील.

गुंडाळण्याची खूण असलेली दोन बटणं एकदम, सेकंदभर दाबून धरा. मोटरचा एकसारखा आवाज येईल, शेवटी तो बदलेल आणि थांबेल. पडद्यावर ई हे अक्षर लुकलुकायला लागलं की रोल डबीत गेला, आता झाकण उघडा. आवाजच आला नाही तर ओढाताण न करता कॅमेरा तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो अंधाऱ्या पिशवीत हात घालून रोल काढून देईल.

धुवायला देताना लॅबला सांगा की रोल वीसेक वर्षं कपाटात होता. डबीवर सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची नेहमीची पद्धत) लिहिलेलं असेल तर नेहमीच्या पद्धतीनेच धुवू द्या. रंग उडालेले, दाणा मोठा आणि सगळ्यावर एक मळकट छटा असेल, पण माणसं ओळखू येण्याची शक्यता चांगली आहे. रंग फारच बिघडलेले असतील तर स्कॅन कृष्णधवल करून घ्या, चेहरे जास्त मोकळे दिसतात. आणि स्कॅन मेलवर आले तरी लॅबमधून निगेटिव्ह परत मागून घ्या. न मागता हल्ली बऱ्याच ठिकाणी ते देत नाहीत.